इराप्पाची साखळी

इराप्पाच्या सायकलची साखळी फक्त जेवणाच्या वेळेला पडायची. सकाळी कधी पडली नाही, संध्याकाळी कधी पडली नाही. दुपारी बारा ते दीड, कुणाच्या तरी दारासमोर, आणि तीही भर उन्हात. शेजारी कडुनिंबाची गार सावली असली तरी तो सायकल तिकडे न्यायचा नाही. रस्त्यातच ती उलटी करायचा, चाकं आभाळाकडे, सीट मातीत, आणि उकिडवा बसून साखळी चढवत राहायचा. अर्धा तास. कधी पाऊण तास.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, सावलीत घ्या की ती. डोकं फुटंल."

"सावलीत साखळी बसत न्हाय, अक्का."

हे त्याचं ठरलेलं उत्तर. का बसत नाही, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. माझ्या तव्यावर भाकरी होती.

इराप्पा तार ऑफिसातला शिपाई, घरोघर तारा वाटायचा. ही सत्तरच्या पुढची गोष्ट, मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. सोलापुरात आमची गल्ली अशी की एका दारात मराठी, पुढच्या दारात कानडी, समोर विणकरांचं तेलुगू आणि कोपऱ्यावर मुसलमानांची चार घरं. इराप्पा गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटा राहायचा. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेली, एवढंच लोकांना माहीत होतं.

माझं काम कडक भाकरीचं. पहाटेपासून दुपारपर्यंत ज्वारीच्या भाकऱ्या थापायच्या, कडक वाळवायच्या, शेंगाचटणीबरोबर दुकानांना द्यायच्या. चूल दाराशी आणि दार गल्लीकडे. कोण आलं, कोण गेलं, मला मान वर न करता कळायचं.

साखळी पडली की इराप्पा आधी त्या दारात हाक मारायचा. माझ्याकडे, "जेवलात का?" कानडी घरी, "ऊटा आतेन्री?" समोर नरसम्माकडे, "अन्नं तिन्नारा?" कोपऱ्यावर, "खाना हुआ क्या?" चार भाषांत एकच प्रश्न. आतून "नाही अजून" असं आलं, की म्हणायचा, "निवांत होऊ द्या, माझी साखळी पडलीय," आणि बसायचा उन्हात.

लोकांना वाटायचं माणूस खादाड आहे. मलाही वाटायचं. एकटा माणूस, जेवायला कुणी बोलवेल म्हणून दारात रेंगाळतो. मी दोन-तीनदा चटणी-भाकरी पुढं केली, तर हात जोडून नको म्हणाला. पाणीसुद्धा घेतलं नाही. तेव्हा मी ठरवलं की खादाड नाही, अर्धवट आहे.

उन्हाळ्यात तर त्याचा थाट बघण्यासारखा. खाकी टोपीखाली एरंडाचं पान. खिशात कांदा, कारण कांद्यानं ऊन लागत नाही म्हणतात. हँडलचं लोखंड हाताला चटके देतं म्हणून त्यावर जुन्या चादरीचे काठ गुंडाळलेले, लाल आणि पिवळे, लग्नाच्या घोड्यासारखे. सीटवर ओलं पोतं. टायरात हवा अर्धीच, कारण पूर्ण भरली की वैशाखात ट्यूब फाटते. अशी मऊ सायकल डांबरावर चिकटत चिकटत यायची, चर्र चर्र वाजत, आणि वरून इराप्पा सूर्याला साहेब म्हणायचा. "आज साहेब लई तापल्यात." "साहेबांनी आज सकाळीच फायली काढल्या, अक्का."

नरसम्मा बिड्या वळायची. तिचा दीर फौजेत, काश्मीरकडे. त्याचं पत्र आलं की तिकडे इतका बर्फ पडतो की टपालवाला सायकल घरी ठेवून पायी जातो. तिनं ते इराप्पाला मुद्दाम ऐकवलं. म्हणाली, "बघा, तिकडची माणसं शहाणी. तुमी कवा शाणं व्हनार?"

इराप्पानं विचार केला. म्हणाला, "तितं पाय गोठतात, हितं टायर वितळतंय. तार तर दोन्हीकडं तारच की."

"मग पायी जा."

"पायी गेल्यावर साखळी कुठनं पडंल?" असं म्हणून तो गेला. आम्ही दोघी हसलो. अर्धवटच आहे, असं पुन्हा एकदा ठरलं.

आमचे मालक मिलमध्ये फिटर. लोखंडाचं काही नादुरुस्त दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. एका रविवारी त्यांनी इराप्पाची सायकल ओढूनच घेतली, साखळी नीट करून देतो म्हणून. फिरवून बघितली, ताणून बघितली, तेल चाचपलं. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "ही साखळी पडूच शकत न्हाय. ठणठणीत हाय. हा पाडतोय."

"कशाला पाडंल?"

"ते मला काय म्हाईत. मी फिटर हाय."

तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही.

आता खरी गोष्ट सांगते, ज्यात माझी चूक आहे.

एका चैत्रात इराप्पा तळ्याच्या रस्त्यावर चक्कर येऊन पडला. टांग्यातून घरी आणला. तोंड काळंठिक्कर, ओठ फुटलेले, आणि तारांची पिशवी मात्र छातीशी घट्ट. मी त्याला कैरीचं पन्हं पाजलं आणि शिव्याही दिल्या. म्हटलं, "वय पंचावन झालं. हे सायकल हाणायचं वय हाय का? ऑफिसात सांगा, आत बसवा म्हणावं."

"आत बसून काय करू?"

"शिक्के मारा."

"शिक्के कुणीबी मारंल, अक्का," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तिसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर.

त्याच महिन्यात एका व्यापाऱ्यानं तक्रार केली. त्याच्या चुलत्याच्या मरणाची तार साडेअकराला ऑफिसातून निघाली आणि त्याच्या हातात एकला पडली. गाडी चुकली, चुलत्याचं तोंड बघायला मिळालं नाही. तो माणूस चिडला यात त्याचं काही चुकलं नाही, हे मी आजही म्हणते. तार ऑफिसातल्या साहेबानं इराप्पाला विचारलं, उशीर का? इराप्पा म्हणाला, "ऊन, साहेब. उन्हात सायकल चालत न्हाय आता."

सबब म्हणून बोलला आणि स्वतःच्याच सबबीत सापडला. कारण साहेब भला होता. त्याला वाटलं, म्हातारा माणूस, आधीच चक्कर येऊन पडलाय, खरंच झेपत नसेल. चौकशीला तो स्वतः आमच्या गल्लीत आला, स्कूटरवरून, मागं एक कारकून. दारोदार विचारलं. बाकीचे "आम्हाला काय माहीत" म्हणून गप्प बसले. माझं तोंड मात्र लहानपणापासून असं आहे की विचारलं की सांगतं.

म्हटलं, "साहेब, ह्या माणसाला उन्हात सायकलवर धाडू नका. एक दिवस रस्त्यात मरंल. आन् त्याची साखळी सारखी पडती."

कारकुनानं लिहून घेतलं. मला बरं वाटलं. एका माणसाचा जीव वाचवला म्हणून दुपारी दोन घास जास्त जेवले.

आठ दिवसांत इराप्पाची सायकल गेली. त्याला आत टेबलापाशी बसवलं आणि आमच्या भागाला नवा माणूस आला, पस्तिशीचा, दणकट, दोन्ही टायरांत टच्च हवा. इराप्पा त्या दिवशी चालत घरी आला आणि माझ्या दारात थांबला.

"साहेबाला तुमी सांगितलं व्हय, अक्का?"

"व्हय. मी सांगितलं."

"बरं," म्हणाला आणि गेला. भांडला असता तर मी दोन शब्द बोलले असते.

नवा माणूस कामाला चोख होता. बाराची तार बाराला. घंटी वाजवायची, सही घ्यायची, पाकीट द्यायचं, पुढच्या दाराला. त्याला कुणी नाव ठेवू शकलं नसतं.

वैशाखातली दुपार. समोर नरसम्मा भात कालवत होती. मी बघत होते, कारण तिचं दार नि माझं दार समोरासमोर. सकाळपासून ती बिड्या वळत होती, पोटात फक्त चहा. पहिला घास हातात घेतला आणि घंटी वाजली. तिनं डाव्या हातानं अंगठा दिला, डाव्या हातानंच पाकीट घेतलं. माणूस पुढं गेला. तार इंग्रजीत. गल्लीत इंग्रजी येणारे एकटे कानडी मास्तर, ते सुट्टीत गावी गेलेले. मी चौथी, आमचे मालक तिसरी. इराप्पा असता तर त्यानं सांगितली असती. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तार ऑफिसातला बाबू पाकीट बंद करताना त्याला मजकूर सांगायचा आणि तो आमच्या भाषेत आम्हाला सांगायचा. आता नरसम्मा ते पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या कंपाउंडरकडे पळाली. उजव्या हातात घास तसाच.

तेलंगणात, गावाकडे, तिचा भाऊ वारला होता. ती परत आली ती रस्त्यातच बसली. हात उघडला तेव्हा भात मुठीत चुरगळून चिखल झाला होता. ताटातला भात तसाच राहिला. मयताची बातमी आल्यावर घास तोंडात घालता येत नाही, हे काय सांगायला पाहिजे? संध्याकाळच्या गाडीपर्यंत ती पाण्यावर राहिली. स्टेशनात जिन्यावर चक्कर येऊन पडायचीच, आमच्या मालकांनी सावरली म्हणून वाचली. गावी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता आणि तोवर पोटात अन्नाचा कण नव्हता. मागाहून तिनंच सांगितलं, "अक्का, मला रडायला बी येईना. नुसतं गरगरत होतं."

तिला गाडीत बसवून मालक आले, जेवले, झोपले. मी मात्र भांडी घासत बसले आणि एकेक दुपार आठवत गेले. कोपऱ्यावरच्या हमीदाबीच्या दारात साखळी पडली होती, त्या दिवशी तिची बहीण गेल्याची तार होती. कानडी मास्तरांच्या दारात पडली, तो दिवस त्यांच्या वडलांचा. आणि बाळंतपणाची, परीक्षा पास झाल्याची, पाहुणे येत असल्याची तार? ती तर इराप्पा सीटवरून न उतरताच द्यायचा, घंटी वाजवत. त्या दिवशी साखळीला काही होत नसे.

मग माझा दिवस आठवला. दोन वर्षं झाली होती त्याला. मी भाकरी, पिठलं आणि कांदा घेऊन बसले होते आणि दारासमोर इराप्पाची साखळी पडली. मी आतून ओरडले होते, "अण्णा, किती ठोकठोक करता, घास गोड लागत न्हाय!" त्यानं ठोकणं थांबवलं आणि नुसता बसून राहिला, हातात साखळी धरून, डोक्यावर ऊन. मी दोन भाकरी खाल्ल्या. वर ताक प्याले. हात धुतले, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "अक्का, मंगळवेढ्याहून तार हाय. आई गेल्या."

त्या दोन भाकरींवर मी स्टँड गाठलं, उभ्यानं मंगळवेढ्याला गेले, आईला न्हाऊ घातलं, आणि सगळ्या बायका कोसळल्या तेव्हा उभी राहिले ती मी. मला वाटायचं माझी छाती दगडाची आहे. दगड कसला, पिठलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या नाहीत. दुपारच्या उन्हात चालत तार ऑफिसात गेले. डोक्यावर पदर होता तरी टाळू भाजली. हा माणूस वीस वर्षं हे करतोय, असं मनात आलं. साहेबानं मला ओळखलं.

"काय बाई?"

"इराप्पाला सायकल परत द्या."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, माणूस रस्त्यात मरेल म्हणून?"

"म्हणले. खोटं म्हणले."

साहेबानं चष्मा काढला. "खोटं का बोललात?"

खरं सांगायची सोय नव्हती. हा माणूस तार खिशात ठेवून लोकांचं जेवण व्हायची वाट बघतो, हे सांगितलं असतं तर सायकल राहू द्या, त्याची नोकरी गेली असती. मग जन्मात पहिल्यांदा मी ठरवून खोटं बोलले. खोटं बोलले असं खोटं बोलले.

"आमचं भांडण होतं. नळावरनं."

"आणि आता मिटलं?"

"न्हाय. पण खोटं ते खोटं."

कारकून हसला. साहेब हसला नाही. म्हणाला, "पण त्याच्या साखळीचं काय? ती सारखी पडते, हे सुद्धा खोटं?"

"ते खरं हाय," मी म्हटलं. एका दिवसात दोन खोटी मला झेपली नसती.

साहेबानं इराप्पाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मला उन्हाची सवय हाय, सावलीनं आजारी पडतो." खरंच त्या पंधरा दिवसांत त्याचं तोंड उतरलं होतं. शेवटी सायकल मिळाली. आणि साहेब भला असल्यामुळं त्यानं हुकूम करून तिला नवीकोरी साखळी बसवून दिली.

आता आली का पंचाईत? नवी साखळी पडते म्हणून कुणाला सांगणार? दोन दिवस इराप्पा गल्लीतून खाली मान घालून गेला. तिसऱ्या दिवशीपासून त्याच्या टायरातली हवा जायला लागली. दुपारी बारा ते दीड.

त्यानं मला कधी विचारलं नाही की साहेबाकडे काय बोललात. मीही सांगितलं नाही. गल्लीतही कुणाला सांगितलं नाही, मालकांनासुद्धा नाही. लोकांना कळलं असतं तर सगळंच वाया गेलं असतं. दारासमोर इराप्पा थांबला की घास अडकला असता. आता इराप्पा नाही आणि ताराही बंद झाल्या, म्हणून लिहिते.

पण मला कळलं होतं. त्याची किंमत पुढच्याच उन्हाळ्यात भरावी लागली.

माझा थोरला भाऊ मंगळवेढ्याला शेतावर होता. त्या साली पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. एका दुपारी मी शेवटची भाकरी तव्यावर टाकली आणि गल्लीत चर्र चर्र ऐकू आलं. आवाज माझ्या दारासमोर थांबला. मी मान वर केली नाही. इराप्पा उतरला. मागच्या चाकापाशी वाकला. आणि फुस्स करून हवा सोडल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

"अक्का, जेवलात का?"

तव्यावरची भाकरी फुगली होती. ती मी करपू दिली नाही. उलटली, विस्तवाला लावली, दोन्ही बाजूंनी भाजली, उतरवली. मग बाहेर गेले.

"न्हाय जेवले," मी म्हटलं.

"निवांत होऊ द्या. हवा गेलीय."

"ती सायकल निंबाखाली लावा."

"सावलीत हवा..."

"बसती. सावलीत सगळं बसतं. लावा आन् आत या."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं. मला ठाऊक आहे, हे त्याला तेव्हा कळलं. त्यानं सायकल निंबाखाली नेली आणि भिंतीला टेकवली. आत आला, टोपी काढली. एरंडाचं पान खाली पडलं, पार वाळलेलं, चुरा झालेलं.

मी दोन ताटल्या मांडल्या. भाकरी, आमटी, शेंगाचटणी. विचारलं, "अण्णा, तुमी जेवलात का?"

त्यानं मान हलवली. नाही.

आम्ही जेवायला बसलो. माझा घास खाली उतरत नव्हता, पण मी उतरवला. आमटीत भाकरी कुस्करली आणि औषध घेतल्यासारखी खाल्ली. तो मात्र भराभर जेवत होता. तिसरी भाकरी मोडताना थांबला आणि ताटलीकडे बघून म्हणाला, "माझी तार मीच आणली होती, अक्का."

"कुठली?"

"बायको गेली त्याची. माहेरी होती, अक्कलकोटाकडं. बाबूला सांगायला तोंड झालं न्हाय. गठ्ठ्यात सगळ्यात खाली घातली. तीन घरं झाली आन् चौथं पाकीट काढलं तर माझंच नाव. बाबू गप्प का झाला होता ते तवा कळलं. भर उन्हात, सात रस्त्याच्या चौकात."

मी त्याच्या ताटलीत चटणी वाढली.

"सकाळपासनं उपाशी होतो. तार हातात, ती गेली हे कळलेलं, आन् मला भूक लागली होती. दुसरं काय सुचंच ना. नुसती भूक." त्यानं चटणी पुसून घेतली. "लई लाज वाटली. अजून वाटती. रडायलाबी पोटात काहीतरी लागतं, अक्का."

मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्यानं नको म्हटलं नाही.

ताटल्या मी लगेच उचलल्या नाहीत. चूल विझवली. त्याच्या हातावर पाणी घातलं, मग माझ्या हातावर. पदराला हात कोरडे पुसले आणि उजवा पुढं केला.

"आता द्या," मी म्हटलं.